आधी सेव्ह वाचवा, मग कन्सोल

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाईंकडे सुरुवातीच्या काळातला, जाडजूड प्लेस्टेशन ३, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल आहे. कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या भावानं मिळून तो घेतला होता. दोघांनी रात्री जागून खेळलेल्या गेम्सचे सेव्ह, म्हणजे गेम जिथवर खेळला त्याच्या साठवलेल्या नोंदी, अजून त्यात आहेत. भाऊ आता दूर राहतो, पण त्याचा बारा वर्षांचा मुलगा सुट्टीला आत्याकडे येतो आणि त्याच कन्सोलवर खेळतो. गेले काही महिने कन्सोल मध्येच हँग होतोय. चित्र थांबतं, आवाज एकाच सुरावर घरघरत राहतो, कंट्रोलरचं एकही बटण चालत नाही, आणि शेवटी मागचा स्विच बंद करावा लागतो. ‘हे दर वेळी भाचा खेळत असतानाच होतं,’ असं त्या लिहितात. तासन्‌तास लावून ठेवतोस म्हणून बिघडलं, असं त्या त्याला रागावून बोलल्या. तेव्हापासून तो कन्सोलला हात लावत नाही. यजमानांचं म्हणणं, जुनं झालंय, देऊन टाक. ओळखीचा एक दुरुस्तीवाला म्हणतो, चिप हीट करून देतो, चालू होईल, पण किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. व्हिडिओ बघून बाईंनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर जावी म्हणून तिच्यावर लावतात तो लेप) आणि स्क्रूड्रायव्हरचा संच आणून ठेवलाय. त्या विचारतात: स्वतः उघडू, हीट करून घेऊ, की टाकून देऊ?

ताई,

तुम्ही तीन वाटा लिहिल्यात. यातल्या कुठल्याही वाटेनं गेलात तरी एक गोष्ट पणाला लागते, आणि पत्रात तिचा फक्त ओझरता उल्लेख आहे: तुमचे, तुमच्या भावाचे आणि आता भाच्याचेही सेव्ह. कन्सोल दुसरा मिळेल, डिस्क दुसरी मिळेल, सेव्ह मिळणार नाहीत. म्हणून स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि आधी हे काम करा.

पुष्कळ लोकांना वाटतं की कन्सोल बंद पडलाच तर हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडू आणि सगळं उतरवून घेऊ. प्लेस्टेशन ३ मध्ये ते होत नाही. डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्या एका कन्सोलच्या आत असते. तीच डिस्क दुसऱ्या प्लेस्टेशन ३ मध्ये घातली, तर तो ती फॉरमॅट करायला सांगतो. म्हणजे तुमचा कन्सोल चालू आहे तोवरच त्यातलं काढून घेता येईल. तो हँग होतोय, पण चालू होतोय, ही आत्ताची सगळ्यात चांगली बातमी आहे.

कसं करायचं ते नीट सांगते. कन्सोल रात्रभर बंद राहू द्या. सकाळी थंड असताना सुरू करा, आत गेमची डिस्क नको, कुठला गेमही लावू नका. एक पेनड्राइव्ह घ्या आणि तो आधी कॉम्प्युटरवर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करा. मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह बहुधा दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले येतात आणि प्लेस्टेशन ३ ला ते दिसतच नाहीत, तेव्हा पेनड्राइव्ह खराब आहे असं समजू नका. मग मेनूतल्या गेमच्या रकान्यात ‘सेव्हड डेटा युटिलिटी’ उघडा, एकेका सेव्हवर जाऊन त्रिकोणाचं बटण दाबा आणि कॉपी निवडा. सेव्ह आकारानं लहान असतात, एकेक पटकन उतरतो. मध्येच हँग झालाच तर जेवढे उतरले तेवढे तुमचे झाले. पुन्हा थंड होऊ द्या आणि पुढचे घ्या.

इथं एक गोष्ट हमखास निसटते. प्लेस्टेशन ३ वर प्रत्येक यूजरचे सेव्ह वेगळे राहतात. तुम्ही तुमच्या नावानं आत गेलात तर तुमचेच दिसतील. भावाचं नाव अजून यादीत असेल तर त्या नावानं आत जाऊन त्याचे वेगळे काढा, भाच्याचे वेगळे. कन्सोलच्या पुढच्या बाजूला चार यूएसबी पोर्ट असतील तर तुमच्याकडे प्लेस्टेशन २ च्या डिस्कही चालणारं मॉडेल आहे. ते गेम तुम्ही त्यावर खेळला असाल, तर त्यांचे सेव्ह ‘मेमरी कार्ड युटिलिटी’त असतील, तिथंही जाऊन बघा.

काही गेम्सचे सेव्ह कॉपी होऊ देत नाहीत, तसा संदेशच येतो. त्यांच्यासाठी सेटिंग्जमधल्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप युटिलिटी’ आहे. ती अख्ख्या कन्सोलचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेते. मात्र असे संरक्षित सेव्ह त्या बॅकअपमधून परत त्याच कन्सोलवर येतात, दुसऱ्यावर नाही. या कामाला बराच वेळ लागतो आणि हँग होणारा कन्सोल मध्येच दगा देऊ शकतो, म्हणून सुटे सेव्ह आधी आणि पूर्ण बॅकअप नंतर.

हे झालं की भाच्याबद्दल बोलू.

‘दर वेळी भाचा खेळत असतानाच होतं,’ असं तुम्ही लिहिलंय. पण ताई, पत्रावरून दिसतं की हल्ली त्या कन्सोलवर तो एकटाच खेळतो. ज्याच्या हातात कंट्रोलर, त्याच्याच समोर कन्सोल अडणार. तुम्ही रोज तासभर खेळत असतात आणि तुमच्या हातात तो कधीच अडला नसता, तर संशयाला काही जागा होती. पत्रात तसं काहीच नाही.

दुसरा आरोप तासन्‌तास लावून ठेवण्याचा. खूप वापरलं की बिघडतं हे ऐकायला पटतं, पण चिपच्या जोडांच्या, म्हणजे ज्या बारीक धातूच्या ठिपक्यांनी चिप जोडलेली असते त्यांच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचं उदाहरण सगळ्यात जास्त तपासलं गेलंय. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये तो कन्सोल आला आणि थोड्याच काळात तीन लाल दिवे लागून बंद पडणाऱ्यांची रांग लागली. २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम खर्ची टाकली. तेव्हा जो तो म्हणायचा, जास्त तापतो. पुढं २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात त्यांच्या माणसांनी कारण सांगितलं: ग्राफिक्स चिपच्या आतले बारीक जोड तुटत होते, आणि ते तुटत होते गरम-थंड, गरम-थंड होण्याच्या ताणानं, म्हणजे कन्सोल पुन्हा पुन्हा चालू-बंद होण्यानं. सलग चार तास खेळणाऱ्या मुलाच्या हातून हा ताण एकदाच पडतो.

कधी कधी तर दोष खोलीतल्या कुणाचाच नसतो. १ मार्च २०१० ला जगभरातले जुने जाड प्लेस्टेशन ३ एकदम अडले, एररचे संदेश यायला लागले, ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) उघडेनात, काही गेम सुरूच होईनात. आतल्या घड्याळानं २०१० हे लीप वर्ष धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तारीख पुढं सरकली आणि सगळे आपोआप ताळ्यावर आले. त्या दिवशी किती घरांत कुणाकुणाला बोलणी बसली असतील!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, आणि ती तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कारण समोर अडलेला कन्सोल असला की कुणीही तेच करतं. हँग झाल्यावर मागचा स्विच बंद करणं, ही पत्रातली एकमेव गोष्ट आहे जिनं बिघाड नक्की वाढू शकतो. हार्ड डिस्क काही लिहीत असताना वीज तुटली तर फाइलींची मांडणी बिघडते, आणि बिघडलेल्या मांडणीमुळं कन्सोल पुन्हा हँग होतो. यापुढं अडला तर आधी मिनिट-दोन मिनिटं थांबा, काही वेळा तो सुटतो. मग कंट्रोलरवरचं मधलं पीएस बटण दाबून धरा. त्यानंही नाही झालं तर कन्सोलवरच्या पॉवरच्या जागी बोट टेकवून ठेवा, तो बंद होईपर्यंत. मागचा स्विच सगळ्यात शेवटी, आणि तोही हार्ड डिस्कचा छोटा दिवा विझलाय हे बघून.

भाच्याला फोन करा. ‘मी उगाच तुझ्यावर घेतलं, तुझी चूक नव्हती,’ एवढं सरळ सांगा. आडून आडून लाड करून भरपाई करू नका, बारा वर्षांच्या मुलाला सरळ बोललेलं जास्त पोचतं. आणि त्याच फोनवर त्याच्याकडून मदत मागा. कन्सोल अडला त्या प्रत्येक वेळी समोर बसलेला माणूस तोच आहे. काय घडलं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि माझ्या मते आजवर त्याला ते कुणी धड विचारलेलंच नाही.

त्याला काय विचारायचं? कुठला गेम होता, डिस्कवरचा की डाउनलोड केलेला? चालू केल्यापासून साधारण किती वेळानं अडला? दर वेळी त्याच जागी, त्याच लेव्हलला, की कुठंही? चित्र थांबल्यावर मागचं संगीत चालू होतं का? पंख्याचा आवाज कसा होता, वाढलेला की नेहमीसारखा? नुसत्या मेनूत असताना कधी अडलाय का? यापुढं तो खेळेल तेव्हा ही माहिती एका वहीत लिहून ठेवू द्या. चार-पाच नोंदी झाल्या की बिघाड बहुतेक वेळा स्वतःच आपला पत्ता सांगतो.

म्हणजे असं बघा. सगळं चालू आहे, संगीत वाजतंय, मागं पात्रं हलतायत, फक्त आपलं पात्र ऐकत नाही, तर कन्सोल अडलेलाच नाही, कंट्रोलरचा संपर्क तुटलाय. जुन्या कंट्रोलरच्या बॅटरीचं हे नेहमीचं आहे. कंट्रोलर केबलनं जोडून खेळून बघा, पण केबल डेटा नेणारी हवी. फक्त चार्जिंगच्या केबलनं कंट्रोलर चार्ज होतो, बोलत नाही. तुमच्या वर्णनात आवाजही अडकतोय, म्हणून तुमच्याकडे एवढंच असेल असं वाटत नाही. तरी हे तपासायला पाच मिनिटं पुरतात.

एकाच गेमला, एकाच जागी अडत असेल तर कन्सोलवरचा संशय काढून त्या गेमवर टाका. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. बोटांचे ठसे असतील तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ब्ल्यू-रे डिस्कवर माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो, वरून फक्त एक कडक लेप असतो. म्हणून डीव्हीडीसारखं घासून चरे काढायचे प्रयोग तिच्यावर करू नयेत. डिस्क स्वच्छ असेल तर त्या गेमनं हार्ड डिस्कवर उतरवलेली माहिती खराब झालेली असू शकते. ती ‘गेम डेटा युटिलिटी’त असते, तिथून काढून टाकली की गेम पुढच्या वेळी ती नव्यानं उतरवतो. मात्र त्या रकान्यात ‘गेम डेटा’ आणि ‘सेव्हड डेटा’ अशी दोन नावं अगदी जवळ जवळ असतात. पुसायचंय ते गेम डेटामधलं. बटण दाबण्यापूर्वी वर लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचा, घाईत चुकीचं पुसलेलं परत येत नाही.

डिस्कवरचे सगळे गेम अडतात आणि डाउनलोड केलेले एकही नाही, असं दिसलं तर डिस्क वाचणारी लेझर लेन्स थकली असणार. डिस्क घातल्यावर ती लगेच ओळखली न जाणं, आत टकटक आवाज येत राहणं, या त्याच्या खुणा. हा बिघाड खर्चाचा आहे, पण जीवघेणा नाही.

कुठलाही गेम असो, वीस-पंचवीस मिनिटं झाली की अडतो, आणि तोवर पंखा गर्जायला लागलेला असतो, तर उष्णतेकडे बघा. तुमचा सगळा भर याच कारणावर दिसतो, म्हणून सांगते: प्लेस्टेशन ३ फार तापला तर बहुधा स्वतःच पडद्यावर तशी सूचना देतो आणि बंद होतो. तुमच्या पत्रात अशी सूचना आल्याचा उल्लेख नाही. त्यामुळं उष्णता हे एक कारण असू शकतं, पण तेच कारण आहे असं धरून पेस्टची ट्यूब उघडायला नको. आधी कन्सोल टीव्हीखालच्या बंद खणातून बाहेर काढा. सगळ्या बाजूंनी चार बोटं तरी मोकळी जागा हवी, खाली गादी किंवा गालिचा नको. वायुवीजनाच्या फटींवरची धूळ मऊ ब्रशनं सैल करा आणि व्हॅक्यूम क्लीनरनं कमी जोरावर बाहेरूनच ओढून घ्या. हे करताना कन्सोलची केबल काढलेली असू द्या. मग मागच्या फटींसमोर हात धरून बघा. पंखा जोरात फिरतोय पण हवा जेमतेम येतेय, तर आत धूळ साठलीय. हवा भरपूर, गरम, आणि पंखा सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत ओरडतोय, तर पेस्ट वाळली असण्याची शक्यता वाढते. आणि पंखा शांत असतानाच कन्सोल अडत असेल, तर उष्णतेला सोडून द्या.

उरला तो प्रकार मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त संभवनीय वाटतो: कधी या गेमला, कधी त्या, कधी नुसत्या मेनूत, वेळेचा काही नेम नाही. हे लक्षण बऱ्याचदा हार्ड डिस्कचं असतं. तुमच्या मॉडेलवर डिस्कचा दिवा असेल तर अडल्याच्या क्षणी भाच्याला त्याच्याकडे बघायला सांगा. तो न लुकलुकता सतत पेटलेला राहिला तर संशय आणखी पक्का. शिवाय वीज तोडून तोडून फाइलींची मांडणी बिघडली असण्याची शक्यता आहेच.

यावरचा पहिला उपाय कन्सोलच्या आतच आहे, त्याला सेफ मोड म्हणतात. कन्सोल बंद करा, लाल दिवा असू द्या. पॉवरच्या जागी बोट टेकवून ठेवा. तो सुरू होईल, बोट तसंच ठेवलं की थोड्या वेळानं पुन्हा बंद होईल. बोट उचला. पुन्हा टेकवून ठेवा आणि लागोपाठ दोन झटपट बीप ऐकू आले की उचला. पडद्यावर कंट्रोलर केबलनं जोडून पीएस बटण दाबायला सांगेल, मग एक छोटी यादी येते. त्यातला तिसरा पर्याय, ‘रिस्टोअर फाइल सिस्टिम’, आधी करा. तो डिस्कवरची बिघडलेली मांडणी शोधून दुरुस्त करायचा प्रयत्न करतो. मग काही दिवस खेळून बघा. फरक नाही पडला तर चौथा, ‘रीबिल्ड डेटाबेस’. ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी ठेवून यादी तेवढी नव्यानं करावी, तसं हे काम आहे. सेव्ह आणि गेम राहतात, संदेश, प्लेलिस्ट यांसारख्या बारीकसारीक गोष्टी जातात. डिस्क भरलेली असेल तर याला तास तास लागू शकतात. मध्ये घाबरून बंद करू नका. आणि पाचवा पर्याय, ‘रिस्टोअर पीएस३ सिस्टिम’, याच्या जवळही जाऊ नका. नाव सौम्य आहे, पण तो सगळं पुसतो. त्या यादीसमोर बसताना भाच्यालाही शेजारी बसवा आणि तिसऱ्या-पाचव्यातला फरक त्याला समजावून सांगा.

एवढ्यानं नाही भागलं तर हार्ड डिस्क बदला. तुम्ही आणलेला स्क्रूड्रायव्हर इथं उपयोगी पडेल, आणि हे काम कन्सोल न उघडता होतं. जाड मॉडेलच्या बाजूला एक लहान झाकण आहे, ते काढलं की आत एक निळा स्क्रू दिसतो. तो सोडवला की डिस्कचा ट्रे सरकवून बाहेर काढता येतो, त्यावर चार स्क्रूंनी डिस्क बसवलेली असते. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतच हे काम वापरणाऱ्यानं कसं करायचं ते दिलंय. डिस्क लॅपटॉपमध्ये असते तशीच, अडीच इंची, साटा जोडणीची, जाडी ९.५ मिलिमीटर किंवा कमी. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्कही चालते. नवी डिस्क घातल्यावर कन्सोल बहुधा सिस्टिम सॉफ्टवेअर मागतो, ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा, आणि फोल्डरांची नावं तिथं दिलीत तशीच, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत द्या. एक अक्षर चुकलं तरी कन्सोलला फाइल सापडत नाही. जुनी डिस्क मात्र लगेच फेकू नका. याच कन्सोलमध्ये ती परत घातली तर वाचली जाण्याची आशा असते.

आता तुमचा पहिला प्रश्न, स्वतः उघडावं का. वहीतल्या नोंदी उष्णतेकडेच बोट दाखवत असतील, बाहेरून धूळ काढूनही पंखा ओरडत असेल, तरच. आणि तेव्हाही माझा कौल असा, की तुम्ही याआधी लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर उघडून पेस्ट बदललेली नसेल तर या कन्सोलवर हात बसवू नका. आत कागदासारख्या पातळ रिबन केबल्स असतात, त्यांची कुलपं नखाएवढी असतात, आणि घाईत ओढली की तुटतात. वीजपुरवठ्याचा डबाही आतच असतो. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार राहतो, तो डबा कुणीच उघडू नये. नीट काम करणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडून आतली धूळ काढून पेस्ट बदलून घ्या. लिक्विड मेटल म्हणून मिळतं ते लावू देऊ नका, ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं.

चिप हीट करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कारण समजून घ्या. १ जुलै २००६ पासून युरोपात विजेच्या उपकरणांतल्या शिशावर बंधनं आली आणि सगळा उद्योग शिसं नसलेल्या सोल्डरकडे, म्हणजे चिप बोर्डला जोडणाऱ्या धातूकडे वळला. ते सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं, जुनं शिसंवालं १८३ ला, आणि नवं जास्त ठिसूळ असतं. चिपखालचे जोड सुटले असतील तर तापवून ते पुन्हा धरतील अशी त्या दुरुस्तीमागची कल्पना. पण बिघाड चिपच्या आतल्या बारीक जोडांत असेल तर तापवून फक्त थोडा काळ टोक टोकाला लागतं. कन्सोल सुरू होतो, सगळे खूश होतात, आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा जातो. शिवाय तापवताना आजूबाजूचे निरोगी भागही भाजतात. त्या काळी लोक एक्सबॉक्स ३६० टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे आणि काही वेळ तो चालायचा, म्हणून तो उपाय खरा मानला गेला. तुमच्या दुरुस्तीवाल्यानं किती दिवस ते सांगता येत नाही असं म्हटलं, हा त्याचा प्रामाणिकपणाच आहे.

आणि मुख्य म्हणजे तुमचा कन्सोल त्या अवस्थेला पोचलेला नाही. चिप जाते तेव्हा प्लेस्टेशन ३ वर बहुधा हिरवा दिवा लागतो, क्षणभर पिवळा होतो, बीप येतात आणि लाल लुकलुकत राहतो, पडद्यावर काहीच येत नाही. तुमचा सुरू होतो, खेळू देतो आणि मग अडतो. जो आजार झालाच नाही त्याचं एवढं जालीम औषध कशाला घ्यायचं?

यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. यंत्र खरोखर जुनं आहे. सोनीनं जपानमध्येही याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबवलं, सुटे भाग जुन्या कन्सोलमधूनच काढावे लागतात, आणि एक ना एक दिवस तो जाणारच. पण दुसऱ्या हाताचा प्लेस्टेशन ३ आणलात तर तोही जवळपास याच वयाचा असणार आणि त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नसणार. घ्यायचाच झाला तर जाड मॉडेलऐवजी २००९ नंतरचं स्लिम बघा. त्याच्या चिप कमी वीज खातात आणि कमी तापतात. घेण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास डिस्कवरचा गेम लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मात्र तुमच्या कन्सोलला चार यूएसबी पोर्ट असतील तर यजमानांना हेही सांगा, की प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालवणारा प्लेस्टेशन ३ स्लिममध्ये कधी आलाच नाही.

मी तुमच्या जागी असते तर सेव्ह काढल्यावर महिनाभर भाच्याच्या वहीवर विसंबले असते, मग सेफ मोड, मग डिस्क. यात मोठा खर्च फक्त डिस्कचा आहे, आणि कन्सोल तरीही गेला तर ती लॅपटॉपला लागते. यापलीकडं पैसा घालायचा की नाही, हे तुम्ही आणि तुमच्या भावानं मिळून ठरवा. कन्सोल दोघांचा आहे, आणि पत्रात भावाचं मत कुठंच दिसत नाही. त्यालाही एक फोन होऊन जाऊ दे. त्याचा पासवर्ड तसाही लागणार आहे: कन्सोल कधी देऊन टाकायची वेळ आलीच, तर चालू आहे तोवर अकाउंट मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिघांचीही अकाउंट त्यावरून डीॲक्टिव्हेट करा, डिस्क फॉरमॅट करा आणि मगच तो ई-कचऱ्यात द्या. पेनड्राइव्हवरच्या सेव्हची दुसरी प्रत कॉम्प्युटरवर ठेवायला विसरू नका.